काळा चिमटा

"...मग चूक कोणाची होती, तेवढं तरी सांगा, उस्ताद."

लाडलेसाब उस्तादांनी मान खाली घातली.

"बॅटरीची होती? ड्रायव्हरची होती? का माझी?"

उस्तादांनी एकदा वर बघितलं आणि मान पुन्हा खाली घातली. आपल्या शेडच्या दारात, बॅटरीच्या पालथ्या खोक्यावर ते बसले होते. समोर ना गाडीचा उघडलेला सेल्फ-स्टार्टर, ना पान्यांचा पसारा. उजव्या तळहाताला जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळलेली. कबरीवर माती ओढताना लागलं असेल, असं सिद्रामला वाटलं.

"काहीतरी बोला. शिव्या घाला, चपलेनं मारा. पण असे गप्प बसू नका हो."

उस्तादांनी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं.

मयताच्या घराशी माणूस दबक्या आवाजात बोलतो. उस्तादांच्या बायकोची, हलिमाचाचींची, तिसऱ्या दिवसाची जियारत कालच झालेली. पण सिद्रामचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात होता आणि त्याचं त्याला भान नव्हतं. चाची गेल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

हा सिद्राम कलशेट्टी याच शेडमध्ये वाढलेला. मिसरूड फुटायच्या आधी आला, तो लग्न ठरल्यावरच बाहेर पडला. मग बायपासला स्वतःचं दुकान टाकलं, आणि काय दुकान म्हणता! गाडीची वायरिंग तो अशी बांधायचा की लोक बॉनेट उघडून फोटो काढायचे. लाल वायर लाल टेपमध्ये, काळी काळ्या टेपमध्ये, एखादं टोक लोंबताना दिसेल तर शपथ. हात चांगला होता, त्यात वाद नाही. पण हात चांगला असला की जीभ लांब होते, तशी त्याचीही झाली.

"माझ्या दुकानातून गेलेली गाडी परत येत नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. एकदा उस्तादांनाही ऐकवलं.

उस्ताद म्हणाले, "परत नाही आली म्हंजे नीट झाली असं न्हाई, लेका. दुसरीकडं गेली असंल."

झालं. तेव्हापासून सिद्राम शेडकडं फिरकेनासा झाला. उस्तादांचा मधूनमधून फोन यायचा, पण तोही झाडायलाच.

चाचींची गोष्ट वेगळी. घर शेडच्या मागेच, तेव्हा शेडमधली सगळी पोरं त्यांच्याच हातची जेवायची. सिद्राम लिंगायताचा, म्हणून त्याच्यासाठी निराळ्या पातेल्यात पिठलं व्हायचं. त्या पातेल्यात चाचींनी कधी दुसरं काही शिजवलं नाही. जेवायला बसायच्या आधी मात्र एकच हुकूम.

"हात दाखव."

ग्रीसचा डाग दिसला की परत मोरीवर. लग्न झालेला, दुकानाचा मालक झालेला सिद्राम कधी आला, तरी चाची दारातच म्हणायच्या, "हात दाखव रे."

आता दारात कुणी नव्हतं.

आणि जिच्यावरून हे सगळं घडलं ती गाडी समोरच कडुलिंबाखाली उभी होती, चाकांना दगड लावून. गल्लीतल्या तालमीची रुग्णवाहिका. पोरांनी घरोघर फिरून वर्गणी काढली, जुनी गाडी घेतली आणि तिच्यावर पोटच्या पोरीसारखा जीव लावला. दरवर्षी उरसाच्या आधी तिला नवा रंग व्हायचा. यंदा त्या कामात सिद्राम सगळ्यांच्या पुढं. एक पै न घेता त्यानं गाडी आतून बाहेरून उजळली. पत्र्याला पांढरा, आणि इंजिनाभोवतीच्या चेसीला, खालच्या लोखंडी सांगाड्याला, काळा कुळकुळीत. त्यासाठी वायरी, पट्ट्या सगळं खोलून काढलं आणि रंग वाळल्यावर जागच्या जागी आवळलं. बॉनेट उघडून पोरांना म्हणाला, "बघा, तोंड दिसतंय का नाही!"

खरंच दिसत होतं.

मग ती सकाळ आली.

चाचींच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका लगेच दारात आली, ती काही उशिरा आली नव्हती. चाचींना आत घेताना धुरानं त्यांना खोकला यायला लागला, म्हणून ड्रायव्हर रेवणनं इंजिन बंद केलं. बिचाऱ्यानं चांगल्या मनानंच केलं. सगळे बसले, दार लागलं, रेवणनं चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्.

ढकलून बघितली, पण गल्ली चढाची, आत पेशंट आणि पेशंटची माणसं. शेजारचा ट्रॅक्टरवाला आपली बॅटरी काढून घेऊन आला. केबल लावल्या. लाल चिमटा गाडीच्या बॅटरीच्या लाल टोकाला, काळा काळ्या टोकाला, जसे सगळे लावतात तसे. तरी टक्.

उस्ताद स्वतः बॉनेटमध्ये डोकं घालून होते. आणि सिद्रामच्या नावानं ओरडत होते, हे सगळ्या गल्लीनं ऐकलं. मग त्यांनी त्याला फोन लावला. उचलला नाही म्हणून पुन्हा लावला, पुन्हा लावला.

सिद्रामला फोन दिसला होता.

एका डंपरचं काम चाललेलं. स्क्रीनवर 'उस्ताद' आलं तसा तो मनाशी म्हणाला, आज सकाळी सकाळी कुणी चुगली केली कोण जाणे, आता खा शिव्या. नंतर बघू. आणि त्यानं फोन पालथा घातला.

शेवटी कुणाची तरी जीप मिळाली. दवाखान्यात डॉक्टरनं तपासून मान हलवली. जरा आधी आणलं असतं तर, असं काहीसं तो पुटपुटला आणि हात धुवायला निघून गेला.

तो 'तर' सिद्रामच्या डोक्यात तेव्हापासून घण घालत होता.

"तुम्ही मला बोलवत होतात, उस्ताद," तो आता म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "रेवण सांगतो, ट्रॅक्टरवाला सांगतो. माझं नाव घेऊन ओरडत होतात. आणि मी फोन पालथा घातला... एकदा म्हणा, माझी चूक नव्हती. किंवा म्हणा, तुझीच होती. काहीही म्हणा. असं मधल्या मधी लोंबकळायला लावू नका मला."

उस्तादांनी गाडीकडं बोट केलं.

"तिथंच हाय. मी कुणाला हात लावू दिला न्हाई."

"म्हणजे?"

"फॉल्ट शोध."

सिद्राम मोटरसायकलच्या डिकीतून मीटर घेऊन आला. त्यानं बॉनेट उचललं. मनात एकच धावा चालला होता. बॅटरी बसलेली निघू दे, सिद्धेश्वरा. एवढं कर. बॅटरी काय, कुणाचीही बसते.

मीटरची काळी सुई त्यानं बॅटरीच्या काळ्या टोकाला टेकवली, लाल सुई लालला.

बॅटरी भरलेली होती.

काळी सुई तिथंच धरून लाल सुई सेल्फच्या, इंजिनाला फिरवणाऱ्या मोटरच्या, मोठ्या बोल्टवर नेली. करंट होता. रेवणला बोलावून त्यानं चावी फिरवायला लावली आणि चावीकडून सेल्फला येणाऱ्या बारक्या वायरीवर सुई ठेवली. तिथंही करंट होता. टक् असा आवाजही आला.

सगळं बरोबर होतं. प्रत्येक आकडा बरोबर येत गेला, तशी सिद्रामच्या छातीवरची एकेक वीट उतरत गेली.

"सेल्फ गेला!" तो ओरडला. "उस्ताद, करंट सगळीकडं आहे, वायरिंग चोख आहे. सेल्फ आतून गेलाय. आणि सेल्फ काय सांगून जातो का? त्याला कोण काय करणार?"

आवाजात आनंद होता. तो त्याच्याच कानांना ऐकू आला आणि तो ओशाळला.

"त्याच्या आतलं आर्मेचर मी माझ्या हातानं भरलंय," उस्ताद म्हणाले. "काढून बघ."

त्यानं सेल्फ काढला. शेडमध्ये नेला, शिकंज्यात धरला आणि दुसऱ्या बॅटरीवरून सरळ करंट दिला. सेल्फ असा गरगरला की शिकंजा हादरला. त्याला काही धाड भरली नव्हती.

सिद्रामनं तो परत नेऊन गाडीला बसवला. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता आणि तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. फॉल्ट नाही आणि गाडीही चालू होत नाही. मग चाची गेल्या कशानं?

उस्ताद उठले. गुडघ्यावर हात टेकत गाडीपाशी आले.

"काळी सुई कुठं होती तुझी?"

"बॅटरीवर."

"समदा वेळ?"

"हो... ती तिथंच असते की, उस्ताद."

"लाल गावभर हिंडली."

"लालच हिंडते. करंट कुठवर आला ते बघायचं असतं."

"आला, तो परत गेला का?"

सिद्रामनं मीटरच्या काळ्या सुईकडं बघितलं.

उस्तादांनी रेवणला खाली उतरवून घरी पाठवलं. स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर चढले. पट्टीचा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं चावी धरली.

"एक्सिलेटरच्या वायरला हात लाव."

"एक्सिलेटरचा काय संबंध? सेल्फ कुठं, एक्सिलेटर कुठं..."

"लाव."

एक्सिलेटरची वायर म्हणजे नुसती तार. पायाखालच्या पायडलापासून इंजिनापर्यंत गेलेली, ओढायची आणि सोडायची. तिच्यात करंट असायचं काहीच कारण नाही. सिद्रामनं ती मुठीत धरली.

टक्.

"धरून ठेव," आतून आवाज आला.

टक्. चावी तशीच दाबलेली. टक्. तार कोमट झाली. सिद्रामनं चमकून तिच्याकडं बघितलं. टक्. तार तापली. टक्...

"आई गं!"

त्यानं हात झटकला. तळहातावर आडवी लाल रेघ उमटली होती.

तो त्या रेघेकडं बघत राहिला. आणि त्याला रेवण आठवला.

रंग झाल्यावर थोड्याच दिवसांनी रेवण गाडी घेऊन आला होता. एक्सिलेटर अडकतोय म्हणाला. सिद्रामनं बघितलं तर वायर जळून चिकटलेली. त्यानं नवी टाकून दिली. काही दिवसांनी रेवण पुन्हा आला, पुन्हा तेच. सिद्रामनं पुन्हा नवी टाकली. वर म्हणाला, "हल्ली मालच भिकार येतोय बघ." जिच्यात करंट नाही ती तार जळते कशी, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. दोन्ही वेळा त्यानं नव्या वायरीला छान काळी नळी मात्र चढवली होती.

आता त्याला कळलं. कळू नये असं वाटत असताना कळलं.

सेल्फला जेवढा करंट जातो, तेवढा सगळा इंजिनातून बॅटरीकडं परत जावा लागतो. त्यासाठी बॅटरीचं काळं टोक चेसीला बांधलेलं असतं आणि इंजिन आणि चेसी यांच्यामध्ये अर्थिंगची जाड पट्टी असते. ती वाट बंद झाली, की करंट बिचारा मिळेल त्या फटीतून जायला बघतो. इथं तो त्या एक्सिलेटरच्या तारेतून जात होता. एवढा करंट एवढ्याशा तारेला कुठून झेपणार? कधी कसंबसं भागायचं, कधी ती जळायची आणि सेल्फ उपाशी राहायचा.

पाना घेऊन तो गाडीखाली सरकला. अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट काढला. पट्टी बाजूला केली.

खाली त्याचाच रंग होता. काळा कुळकुळीत, कुठं ओरखडासुद्धा नाही. गाडीखालच्या अंधारातही चमकत होता.

रंगातून करंट जात नाही, हे या शेडमध्ये आलेल्या पोराला पहिल्या दिवशी शिकवत. आधी घास, मग आवळ. पट्टीखालचं लोखंड पॉलिशपेपरनं उघडं केल्याशिवाय उस्ताद बोल्टला हात लावू द्यायचे नाहीत. सिद्रामला ते माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. रंग लावल्यावर तिथं घासायचं त्याच्या मनातही आलं होतं. पण घासलं असतं तर तेवढ्या जागेवरची चमक गेली असती आणि पोरं फोटो काढायला उभी होती.

तो गाडीखालून बाहेर आलाच नाही. तिथंच, मातीत, उताणा पडून रडायला लागला.

"मी मारलं चाचींना," तो म्हणत होता. "निराळ्या पातेल्यात पिठलं करून घालायच्या हो मला... मी मारलं. गावाची गाडी नटवायला गेलो आणि त्या माउलीचा जीव घेतला. मला जाळा, उस्ताद. मला जगायचं नाही."

कुणीही म्हणालं असतं, असं बोलू नये. पोरा, आलेली वेळ चुकत नाही. जन्माला आलेला जाणारच. असली वाक्यं लोक खिशात घेऊन फिरतात. उस्ताद यातलं एकही म्हणाले नाहीत.

कडुलिंबाची सावली बॉनेटवरून सरकून टपावर गेली.

"बाहेर ये."

सिद्राम आला. तोंडाला माती, मातीवर ओघळ.

"पट्टी तशीच राहू दे. शेडमधनं ती बॅटरी आण. आन् केबल."

ट्रॅक्टरवाल्याची ती बॅटरी कोपऱ्यात तशीच पडून होती. तो न्यायला आला नव्हता आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. सिद्रामनं ती उचलून आणली, खाली ठेवली, केबल सोडवल्या.

"लाल?"

"लालला लाव."

लाल चिमटा त्यानं गाडीच्या बॅटरीच्या लाल टोकाला लावला. काळा घेऊन सवयीनं काळ्या टोकाकडं गेला.

"न्हाई."

"मग?"

"इंजिनला. उघड्या लोखंडाला."

सिद्रामनं चिमटा इंजिनाच्या बाहेर आलेल्या लोखंडी कानाला चावायला लावला. करंटला परत जायला आता सरळ वाट झाली. ना पट्टीची गरज, ना चेसीची.

उस्तादांनी चावी फिरवली.

पहिल्या फटक्यात इंजिन धडधडलं. सगळी गल्ली भरून आवाज घुमला. घरातून चाचींची बहीण धावत दारात आली, चौकट धरून उभी राहिली आणि एकदम किंचाळली.

"बंद करो वो! अल्ला के वास्ते बंद करो!"

उस्तादांनी इंजिन बंद केलं.

गाडी चालू होत नव्हती तोपर्यंत ठीक होतं. चालू झालेली ती गाडी त्याच्यानं बघवत नव्हती. तो काळ्या चिमट्याकडं बघत राहिला.

आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं.

"उस्ताद... त्या दिवशी ट्रॅक्टरवाल्यानं हा चिमटा..."

तो थांबला.

"बोल."

"काही नाही."

"बोल, लेका. थांबलास का?"

"...बॅटरीला लावला होता. इंजिनला लावला असता तर..."

"तर हीच धडधड त्या दिवशी झाली असती."

चिमटा तेव्हा बॅटरीवर होता आणि इंजिन तिथून हातभर लांब. काढून नुसता तिकडं लावायचा. आणि समोर कोण उभं होतं, तर ज्यांनी अख्ख्या तालुक्यातल्या पोरांना सेल्फ शिकवला ते लाडलेसाब उस्ताद.

सिद्रामला क्षणभर हलकं वाटलं. खोटं कशाला बोला, वाटलंच. हे पाप एकट्या आपल्या डोक्यावर नाही, म्हातारासुद्धा चुकला. लगेच त्याला स्वतःची अशी शिसारी आली की त्यानं तोंड फिरवलं.

"तुमचा काय दोष, उस्ताद?" तो घाईघाईनं म्हणाला. "आत चाची तशा पडलेल्या. अशा वेळी कुणाला सुचतंय? भल्याभल्यांचं डोकं चालत नाही. तुम्हाला फॉल्ट नाही सापडला, त्यात..."

उस्ताद गाडीतून उतरले. त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"हात दाखव."

सिद्रामनं चाचींपुढं करायचा तसा हात पुढं केला. तळहातावरची रेघ आता टरारून फुगली होती.

उस्तादांनी डाव्या हातानं आपल्या उजव्या तळहाताची पट्टी सोडवली. ओढणीचा जुना तुकडा वेढ्यावेढ्यानं निघाला आणि खाली पडला. त्यांनी तो हात सिद्रामच्या हाताशेजारी धरला.

तशीच आडवी रेघ. जुनी झालेली, काळी पडलेली, मधून चिघळलेली.

"हे... हे कबरीवर लागलं नाही?"

"न्हाई."

"वायर धरली होती तुम्ही? त्याच दिवशी?"

"हां."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"हात भाजल्या भाजल्या."

"अर्थिंगची पट्टी?"

"पट्टी. पट्टीखालचा रंग. रंग कुणाचा, तेबी."

सिद्राम बॉनेटला टेकला.

"आणि चिमटा?"

"समोर होता."

"चाची?"

"शुद्धीत होती. आतनं बघत होती माझ्याकडं."

"मग उस्ताद... मग तुम्ही तिथं उभं राहून करत काय होतात?"

उस्तादांनी घराकडं बघितलं. चाचींची बहीण घरात निघून गेली होती. दार उघडंच होतं.

"फोन लावत होतो," ते म्हणाले.

"मला?"

"तुला."

"मदतीला बोलवायला. आणि मी हरामखोर, मी उचलला नाही..."

"मदत कशाला? फॉल्ट तर सापडला होता."

"मग मला कशाला फोन लावत होतात, उस्ताद? त्या घडीला? पुन्हा पुन्हा?"

उस्तादांनी खाली पडलेली ओढणीची पट्टी उचलली, झटकली आणि हळूहळू पुन्हा हाताला गुंडाळायला घेतली.

"आज आल्या आल्या तू मला काय विचारलंस?"

सिद्राम आठवायला लागला. आठवलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"...चूक कोणाची होती."

उस्तादांनी पट्टीची गाठ दातांनी आवळली.

"तेच विचारायला."